घंटा आणि तोफा: स्पॅनिश फिलिपीन्समध्ये ओतणारे हात कोणाचे?

मुक्काम_मनिला

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मनिलात असतो आणि सुट्टीला जुनी चर्चं बघत हिंडायचा नाद लागलाय. इथल्या घंटांवर उठावाची अक्षरं असतात. घंटा कोणत्या संताच्या नावानं केली, तेव्हा गावात पाद्री कोण होता, साल कोणतं आणि पुष्कळदा ओतणाऱ्याचं नाव-पत्तासुद्धा. त्यात एक नाव सारखं भेटतं: इलारिओ सुनिको, सान निकोलास, हाबोनेरोस रस्ता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा चिनी वंशाचा मेस्तिसो, म्हणजे मिश्र वंशाचा, कारखानदार. दुसरं नेहमी दिसणारं नाव बेनितो दे लोस रेयेस.

स्पॅनिश इथं १५६५ ते १८९८ होते. एवढ्या काळात लागलेल्या घंटा आणि तोफा स्पेनहून यायच्या की इथंच ओतायचे? माझं मत असं की पहिल्या दिवसापासून हात इथलेच, साहेबाचा फक्त हुकूम. ऑफिसातला एक सहकारी छातीठोकपणे सांगतो की स्पॅनिश येण्याआधीच पांडाय पिरा नावाचा लोहार मनिलाच्या राजा सुलेमानला तोफा ओतून देत होता आणि नंतर स्पॅनिशांनी त्यालाच कामाला लावलं. हे खरं, की शाळेच्या पुस्तकातला देशाभिमान?

दुसरा प्रश्न: घंटा वितळवून तोफ करणं खरंच जमतं का? सिनेमात फार सोपं दाखवतात.

सह्याद्रीचा_बोका

वा, तोफांचा धागा! शिवकालीन मंडळी येईपर्यंत जागा धरून ठेवतो.

खवचट_काका

'आमच्याकडे सगळं आधीच होतं' हा रोग तिकडेही आहे हे वाचून बरं वाटलं. आता पुढची पायरी, पांडाय पिरानं विमानही ओतलं होतं. पुरावा द्या, मग बोलू.

अनुराधा_टी

काका, पुरावा आहे आणि तोही शत्रुपक्षाचा.

मे १५७० मध्ये इथल्या स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी याचा सरदार मार्तिन दे गोइती मनिलावर चालून गेला. तेव्हा पासिग नदीच्या मुखाशी सुलेमानचं लाकडी तटाचं गाव होतं आणि तटावर तोफा होत्या. स्पॅनिशांनी १३ तोफा हस्तगत केल्या. त्या स्वारीची जी हकिकत स्पॅनिशांनीच लिहून ठेवली तिच्यात सुलेमानच्या घराशेजारच्या ओतशाळेचं वर्णन येतं. तिथं माती आणि मेणाचे साचे सापडले, त्यातला सर्वांत मोठा साचा १७ फूट लांबीच्या तोफेचा. लढाईत गाव जळलं. पुढच्या वर्षी लेगास्पी स्वतः आला आणि त्याच जागेवर स्पॅनिश मनिला वसलं.

म्हणजे स्पॅनिश येण्याआधी मनिलात तोफा ओतल्या जात होत्या यात वाद नाही. ब्रुनेई, मलाया, जावा या सगळ्या पट्ट्यात लांताका नावाच्या, खुंटीवर फिरणाऱ्या छोट्या पितळी-काशाच्या तोफा गलबतांवर सर्रास असायच्या. सुलेमानचं घराणं ब्रुनेईच्या सोयरिकीतलं.

आता पांडाय पिरा. शाळेच्या पुस्तकांत त्याचं आयुष्य १४८८ ते १५७६ असं छापतात. मला ते पटत नाही, कारण अंतोनिओ दे मोर्गा. हा मनिलातला बडा स्पॅनिश अधिकारी, त्याचा ग्रंथ १६०९ मध्ये मेक्सिकोत छापला गेला. तो सांगतो की गव्हर्नर सांतियागो दे वेरानं मनिलात नुएस्त्रा सेन्योरा दे गिया हा दगडी किल्ला बांधला आणि त्याच्यासाठी पाम्पांगा प्रांतातल्या पांदापिरा नावाच्या म्हाताऱ्या 'इंदिओ'कडून, म्हणजे स्थानिकाकडून, काही तोफा ओतून घेतल्या. तो आणि त्याची मुलं पुढे मरेपर्यंत याच कामात राहिली. वेराची कारकीर्द १५८४ ते १५९०. मग १५७६ ला मेलेला माणूस १५८६ च्या सुमारास तोफा कशा ओतणार?

माणूस खरा, तारखा मागाहून चिकटवलेल्या. आणि सुलेमानच्या ओतशाळेचा प्रमुख तोच होता असं मोर्गा कुठंही म्हणत नाही. दोन वेगळ्या गोष्टी लोकांनी एका धाग्यात ओवल्या आहेत.

मुक्काम_मनिला

अनुराधाताई, दंडवत! तो किल्ला म्हणजे आताचा बालुआर्ते दे सान दिएगो. इंत्रामुरोसच्या, म्हणजे तटबंदीतल्या जुन्या मनिलाच्या, तटात आहे. खाली उतरलं की एकात एक दगडी वर्तुळं दिसतात, त्या जुन्या गोल बुरुजाचा पाया. कितीदा तरी तिथं बसून शहाळं प्यायलोय, पण त्या बुरुजासाठी तोफा कोणी केल्या हे तिथल्या माणसांनाही विचारलं नव्हतं.

खवचट_काका

मोर्गा एक वाक्य लिहितो आणि तुम्ही त्यावर माळा चढवता. बरं, म्हातारा कारागीर होता, मान्य. पण पुढे? धंदा स्पॅनिशांनीच उभा केला असणार. सेव्हिलला त्यांची मोठी ओतशाळा होती, १५६५ पासूनची. तिथून उस्ताद आणले असतील.

अनुराधा_टी

तिथंच तर गंमत आहे. वेरानंतर गोमेस पेरेस दास्मारिन्यास आला (१५९०). त्यानं मनिलाला दगडी तटबंदी घातली आणि तोफांची ओतशाळा काढली. मोर्गाच सांगतो की कुशल ओतारी नसल्यामुळे तिथून मोठ्या तोफा फार थोड्या निघाल्या. फिलिपिनो राष्ट्रवादी लेखक होसे रिसाल यांनी १८९० मध्ये मोर्गाची सटीप आवृत्ती काढली ती नेमक्या अशा जागा दाखवायला. म्हातारा पाम्पांगी होता तोवर काम चाललं, आणि मग साहेबाला उस्ताद मिळेनात.

रिसालना स्वतःचा मुद्दा रेटायचा होता हे खरं, पण इथं मूळ मजकूर त्यांच्या बाजूनं आहे.

बाकी सेव्हिलहून तोफ आणायची म्हणजे बघा. सेव्हिल ते व्हेराक्रूझ एक महासागर. मग मेक्सिकोचे डोंगर ओलांडून अकापुल्को. मग मनिला गॅलिअनवर चढवून दुसरा महासागर. दोन-तीन टनांचं धूड खेचरं आणि हमालांच्या जोरावर घाटातून न्यायचं. त्यापेक्षा मनिलाच्या चिनी वस्तीतल्या, पारियानमधल्या, व्यापाऱ्याकडून माल घेऊन इथंच ओतलेलं स्वस्त. चिनी गलबतांतून काय काय यायचं त्याच्या मोर्गाच्या यादीत रेशमाबरोबर कथील, शिसं, सोरा, दारू सगळं आहे.

सह्याद्रीचा_बोका

दास्मारिन्यासचं पुढे काय झालं? तट बांधला म्हणजे सुखानं राहिला असेल.

अनुराधा_टी

१५९३ मध्ये मोलुक्कास बेटांवर स्वारीला निघाला. गॅलीवर वल्ही मारायला चिनी लोक जबरदस्तीनं धरून आणले होते, त्यांनीच वाटेत त्याला मारला. तटाचा काही उपयोग झाला नाही.

शिरोलीकर

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. आमची कोल्हापूरला फौंड्री आहे, बीड ओततो. काशाचं काम पण थोडं केलंय.

घंटा आणि तोफ, दोन्ही तांबं अधिक कथील. फरक प्रमाणात. घंटेत कथील २०-२२ टक्के, तोफेत १० च्या आसपास. कथील वाढलं की धातू कडक होतो, नाद लांबतो, पण ठिसूळ होतो. घंटा जमिनीवर पडली तर तडकते. तोफेला असं चालत नाही राव, तिला आतून दणका बसतो. घंटा जशीच्या तशी वितळवून तोफ केली तर पहिला मान गोलंदाजाचा.

हिशोब करा. १०० किलोच्या घंटेत २२ किलो कथील. तोफेला १० टक्के पाहिजे म्हणजे एकूण माल २२० किलो करायला लागतो, १२० किलो तांबं वरून घाला. म्हणजे घंटा आहे म्हणून तोफ फुकट असं नाही, घंटेच्या वजनापेक्षा जास्त तांबं आधी जवळ पाहिजे. उलटं मात्र सोपं. १०० किलो तोफेची घंटा करायची तर फक्त १५ किलोच्या वर थोडं कथील पुरतं. पण कथील महाग.

आता ओतायची रीत. घंटेला आधी विटा-मातीचा गाभा, म्हणजे आमच्या भाषेत कोअर. माती साधी नाही, त्यात लीद नाहीतर शेण आणि केस मळतात, म्हणजे तापल्यावर ते जळून बारीक वाटा राहतात आणि वाफ बाहेर पडते. गाभ्याभोवती लाकडी फळी गोल फिरवून आकार काढायचा. त्यावर मातीचीच खोटी घंटा, तिच्यावर मेणाची अक्षरं आणि चित्रं चिकटवायची. वरून बाहेरचा साचा चढवून भाजायचं. मेण वितळून जातं, अक्षराचा ठसा आत राहतो. मग साचा उचलायचा, खोटी घंटा फोडून काढायची, साचा परत बसवायचा. मधे जी पोकळी राहिली तीच तुमची घंटा. सगळं खड्ड्यात पुरून चोपायचं आणि भट्टीतून रस सोडायचा.

तोफेला लाकडी दांड्यावर दोरखंड आणि माती गुंडाळून नमुना करतात. चरबी फासतात म्हणजे तो साच्यातून सुटतो. आत नळीसाठी लोखंडी कांब, तिच्यावर माती. साचा उभा, तोंड वर. आणि तोंडाच्या वर धातूचा जादा गोळा ठेवायचा, रायझर. थंड होताना धातू आकसतो, वरचा गोळा खालच्याला पुरवठा करतो, घाण आणि बुडबुडे वर येतात. नंतर तो तुकडा कापून टाकायचा. हे जमलं नाही तर नळीत पोकळ्या, आणि पोकळीवाली तोफ फुटतेच. अनुराधाताईंनी सांगितलं ना, मोठ्या तोफा थोड्याच निघाल्या म्हणून? मला तरी वाटतं रायझर आणि ओल. मनिलात पाऊस किती! साचा आतून ओला राहिला आणि रस सोडला तर वाफ अशी उसळते की पळायला जागा मिळत नाही. लई वाईट प्रकार असतो तो.

मुक्काम_मनिला

शिरोलीकर, नादखुळा प्रतिसाद! सुलेमानकडे 'माती आणि मेणाचे' साचे सापडले त्याचा अर्थ आत्ता डोक्यात शिरला.

गोदाकाठ

घंटा म्हटल्यावर नाशिककर गप्प कसा बसेल? आमच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा फिरंग्यांचीच, तिच्यावर १७२१ साल आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत बांधल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या घाटावर आहे तिच्यावर १७०७ आणि मरियम-बाळ येशूचं चित्र. भीमाशंकरलाही आहे. आपण वितळवल्या नाहीत, टांगल्या!

खवचट_काका

गोदाकाठ, धागा स्पॅनिशांचा आहे. वसई पोर्तुगिजांची.

कुंकळ्ळीकार

काका, एवढं पण सरळ नाही. १५८० ते १६४० पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता. म्हणजे त्या साठ वर्षांत गोव्यात जी तोफ ओतली ती कागदोपत्री फिलिपाच्या राज्यातली, कारभार मात्र पोर्तुगिजांचाच. आणि त्याच काळात गोव्याच्या ओतशाळेत पेद्रो दियास बोकारो हा मोठा उस्ताद होता. त्याचा मुलगा मानुएल तावारेस बोकारो मकावला गेला आणि १६२० च्या दशकापासून तिथं ओतशाळा चालवली. त्याच्या तोफा आशियाभर नावाजलेल्या. तेव्हा मनिलाच्या शेजारचा सगळ्यात नामांकित तोफकार गोव्याच्या घराण्यातला.

गोदाकाठ यांच्या घंटा १६४० नंतरच्या, तेव्हा त्या निव्वळ पोर्तुगीज. आमच्या जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलची 'सोन्याची घंटा' पण तशीच. ती १६५२ ला आमच्या कुंकळ्ळी गावात ओतली. ज्या गावानं १५८३ ला पाद्री मारले त्याच गावात पुढे कॅथेड्रलची घंटा ओतली गेली. इतिहास असा वाकडातिकडाच असतो.

गोदाकाठ

सालं तुम्ही सांभाळा. नदीला पूर आला की पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का हे आमच्याकडे अजून विचारतात. फिलिपाला विचारत नाही कोणी.

सह्याद्रीचा_बोका

सोन्याची घंटा म्हणजे खरंच सोनं घातलंय? आमची आजी सांगायची, देवळाची घंटा ओतताना बायका अंगावरचे दागिने टाकायच्या म्हणून नाद गोड.

शिरोलीकर

सोन्यानं नाद गोड होत नाही. चांदीनं पण नाही. थोडं पडलं तर काही कळणार नाही, जास्त पडलं तर घंटा बदबद वाजेल. नाद येतो तांबं-कथलाच्या प्रमाणातून आणि काठाच्या जाडीतून. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. लोकांनी दागिने टाकायचं भोक भट्टीच्या वर असायचं, पण ते भोक रसात नाही, जाळाच्या बाजूला उघडायचं. लोक गेले की उस्ताद राखेतून चांदी गोळा करायचा.

पेरूचा_पेरू

पेरू देशातल्या कुस्कोत मारिया आंगोला नावाची घंटा आहे, १६५९ ची, सहा टनांना थोडी कमी. तिथंही हीच कथा सांगतात, सोनं टाकलं म्हणून आवाज शहराबाहेर कोसभर जातो. मला तर वाटतं जिथं घंटा तिथं ही कथा आपोआप उगवते. आता तिला तडा गेलाय, म्हणून फार वाजवत नाहीत.

मुक्काम_मनिला

इथं कापिस प्रांतात पान-आय गावच्या सांता मोनिका चर्चची घंटा आहे. वजन १०,४०० किलो सांगतात आणि गावकऱ्यांनी दिलेली ७० पोती नाणी वितळवून केली म्हणतात. ओतणारा हुआन रेइना. हा स्पॅनिश गृहस्थ इलोइलोत दाताचा डॉक्टर होता!

सह्याद्रीचा_बोका

दाताचा डॉक्टर आणि दहा टनांची घंटा? कवळीचा साचा जरा मोठा केला असणार.

खवचट_काका

घंटेचा व्यास किती?

मुक्काम_मनिला

सात फूट सांगतात, उंची पाच फूट.

खवचट_काका

मग वजन पटत नाही. लंडनच्या बिग बेनचा व्यास २.७ मीटर, वजन १३.७ टन. आकार सारखाच धरला तर वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. सात फूट म्हणजे २.१३ मीटर. गुणोत्तराचा घन अर्ध्यापेक्षा किंचित कमी. म्हणजे साडेसहा-सात टन. दहा टन म्हणजे एकतर घंटा बेढब जाड आहे, नाहीतर पाटी लिहिणाऱ्यानं भक्तिभावानं वजन केलंय. ७० पोत्यांबद्दल मी अजून तोंड उघडलेलं नाही.

अनुराधा_टी

काका, हे मात्र आवडलं. पोत्यांबद्दल एवढंच, नाणी तांब्याची असतील तर गोष्ट शहाणपणाची आहे. चांदीच्या पेसोंचीच असली पाहिजेत असं थोडंच आहे?

अकापुल्को_एक्सप्रेस

मी मेक्सिको सिटीत. आमच्याकडची कथा राहिली तर अन्याय होईल.

अॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान १५२१ ला पडली. ती जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसकडे तोफा थोड्या आणि स्पेनमध्ये त्याचे शत्रू बसलेले, माल वेळेवर येईल याची खात्री नाही. तांबं मिचोआकानच्या बाजूला मिळत होतं, अडलं होतं कथलावर. मग त्याच्या कानावर आलं की ताश्को भागात कथलाचे पातळ तुकडे चलन म्हणून वापरतात. माग काढत खाण सापडली आणि त्यानं तोफा ओतायला घेतल्या. १५२४ च्या पत्रात सम्राटाला हे सगळं तो मोठ्या फुशारकीनं कळवतो. दारूला गंधक नव्हता, तर फ्रान्सिस्को मोन्तान्यो नावाच्या शिपायाला दोरीनं पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या मुखात सोडला आणि गंधक काढला.

त्याच वर्षी त्यानं राजाला खूश करायला चांदीची तोफ पाठवली, नाव 'फिनिक्स'. वर कोरलेलं असं की ही तोफ बेजोड, तुमच्या सेवेत मी अद्वितीय, आणि जगात तुमच्यासारखे तुम्हीच. दरबारी लोक चिडले. तोफ स्पेनला पोचली आणि शेवटी वितळवली गेली. चांदी ती, किती दिवस तोफ राहणार?

खवचट_काका

आयुष्यभर एकही गोळा न डागता पेन्शनीत गेलेली तोफ. सरकारी नोकरीला आदर्श.

अकापुल्को_एक्सप्रेस

:) आणि घंटेचं म्हणाल तर आमची सगळ्यात प्रसिद्ध घंटा स्पॅनिश राज्यातच ओतलेली आणि त्याच राज्यावर उलटलेली. दोलोरेस गावच्या चर्चची सान होसे, १७६८ ची. १८१० मध्ये १६ सप्टेंबरच्या पहाटे पाद्री मिगेल इदाल्गोनं ती वाजवून गाव गोळा केलं आणि स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. १८९६ ला ती राजधानीत आणली, आता राष्ट्रीय प्रासादाच्या सज्जावर टांगलीय. दरवर्षी राष्ट्राध्यक्ष वाजवतात. तिला एस्किलोन म्हणतात, म्हणजे लाकडी जू लावून अख्खी घंटाच गरागरा फिरवायची जात. लोळीला दोरी बांधून वाजवायच्या घंटा वेगळ्या.

मुक्काम_मनिला

इथंही दोन्ही जाती दिसतात. आणि वाजवून उलटलेली घंटा म्हणाल तर बालांगिगा.

सामार बेटावरचं गाव. स्पॅनिश जाऊन अमेरिकन आले होते. २८ सप्टेंबर १९०१ ला सकाळी अमेरिकन शिपाई न्याहारीला बसलेले असताना चर्चची घंटा वाजली आणि गावकरी कोयते घेऊन तुटून पडले. ४८ शिपाई मेले. सूड म्हणून जनरल जेकब स्मिथनं दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारायचा हुकूम दिला. गावच्या तीन घंटा लष्करानं विजयचिन्ह म्हणून नेल्या. दोन वायोमिंगच्या तळावर, एक कोरियातल्या रेजिमेंटकडे. परत आल्या डिसेंबर २०१८ मध्ये. एकीवर १८५३ साल आहे. तोफ होण्यापासून वाचल्या पण शतकभर परदेशात अडकल्या.

कुंकळ्ळीकार

स्पॅनिशांना घंटा इतक्या कशाला लागायच्या, हे पण बघा. विखुरलेल्या वस्त्या उचलून चर्चभोवती गावं वसवायची त्यांची पद्धत होती. 'घंटेखाली राहणे' म्हणजे सरकारच्या नजरेत, करवसुलीच्या टप्प्यात राहणे. जे डोंगरात पळाले ते घंटेच्या आवाजाबाहेरचे. दक्षिणेकडून मोरो (तिकडचे मुस्लिम) चाचे आले की इशारा देणारी पण तीच. तेव्हा नवीन गाव म्हणजे नवीन घंटा. तोफ एका किल्ल्याला पाच-पन्नास, घंटा प्रत्येक गावाला.

अनुराधा_टी

+१. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. तोफ हा सरकारचा खर्च, गव्हर्नर बदलला की ओतशाळा थंडावणार. घंटेचं गिऱ्हाईक गावोगाव, वर्षानुवर्षं. म्हणून तोफांच्या बाबतीत पांदापिरा आणि त्याची मुलं गेल्यावर हात आखडला, पण घंटांचा धंदा मनिलात टिकला आणि सुनिकोसारख्याचा कारखाना उभा राहिला. 'पहिल्या दिवसापासून हात इथलेच' हे निम्मंच खरं. पहिल्या दिवशी पाम्पांगी, शेवटी चिनी मेस्तिसो, पान-आयला स्पॅनिश दंतवैद्य. 'इथले' म्हणताना कोण कोण धरायचे ते आधी ठरवा.

खवचट_काका

पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. जाता जाता काडी टाकतो. मोर्गा इतका तोफांचा जाणकार, तर १६०० च्या डिसेंबरात स्वतः सेनापती होऊन डच ओलिव्हर फान नूर्टवर गेला. सान दिएगो गलबत माणसं-तोफांनी इतकं भरलं की खालच्या बाजूच्या तोफांसाठीच्या झडपा उघडता येईनात. गलबत फॉर्च्यून बेटाजवळ बुडालं. मोर्गा पोहत सुटला आणि नंतर पुस्तकात आपलीच बाजू मांडली.

मुक्काम_मनिला

त्याच गलबतावरच्या १४ काशाच्या तोफा १९९० च्या दशकात पाणबुड्यांनी काढल्या. त्यातल्या काही मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात बघितल्यात. चारशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांचे डॉल्फिनच्या आकाराचे कान शाबूत आहेत.

सह्याद्रीचा_बोका

मलिक-ए-मैदानचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून घेतो. १५४९, अहमदनगरला ओतली, आता विजापूरला, वजन ५५ टन. म्हणजे मनिलात गोइती पोचायच्या आधी वीस वर्षं. ओतणारा रूमी, बाहेरून आलेला. तिथंही हात कोणाचे हाच प्रश्न.

शिरोलीकर

त्याच्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. ५५ टन रस एका वेळी तयार ठेवायला किती भट्ट्या लागल्या असतील, यावर रात्रभर बोलता येईल.

मुक्काम_मनिला

पुढच्या महिन्यात इलोइलोला जायचं आहे, तिथून पान-आय लांब नाही. काकांच्या हिशोबाचा निकाल लावायचा तर टेप घेऊन काय मोजू? व्यास तर मोजेनच.

शिरोलीकर

काठाची जाडी. जिथं लोळी आपटते तिथंच सगळ्यात जाड असते. चांगल्या घंटेत ती व्यासाच्या साधारण बाराव्या-तेराव्या हिश्शाएवढी. सात फुटाला साडेसहा-सात इंच. तेवढीच भरली तर काका बरोबर, वजन सात टनांच्या आत. दहा इंच भरली तर पाटी खरी, मग दातांच्या डॉक्टरनं धातू वाचवायचा विचारच केला नव्हता. टेप नको, बाहेरून पकडणारा कॅलिपर न्या. नाहीतर सुताराकडून लाकडी चिमटा करून घ्या, पण पाद्रीबाबांना आधी विचारा.